पट्टीखालचं नाव

काका, परवा दुपारी मला तुझं ते भेंडीचं कालवण करायचं आहे, आणि ज्या बाईचं नाव घेऊन तू त्याचा पहिला डाव वेगळा काढायचास, ते नाव मला आठवत नाही.

हे एक वाक्य कागदावर यायला दोन दिवस लागले. शाळेत मुलांना मी सांगते की आधी मनात वाक्य पूर्ण करा, मग लिहा. इथे मनातच काही पूर्ण होत नाही. तू आहेस असं लिहिते आणि खोडते, होतास असं लिहिते आणि तेही खोडावंसं वाटतं. सुकापूरच्या घराच्या पडवीत कोळंबी सोलायला बसायचा तुझा पाट भिंतीला टेकवून उभा आहे. कोणी तो आडवा करत नाही आणि आत उचलूनही ठेवत नाही.

हे कालवणाचं काकीने दहाव्या दिवशी ठरवलं. तेराव्याचं जेवण झालं की दुसऱ्या दिवशी घरात पुन्हा मासळी शिजवायची, सगळ्यांनी तोंड तिखट करायचं आणि ज्याने त्याने आपापल्या कामाला लागायचं, एवढीच रीत. त्या दिवशी काय करायचं म्हणून तुझ्या सुनेने विचारलं तेव्हा काकी म्हणाली, तुझं बोटीवरचं कालवण व्हायला पाहिजे आणि ते मी करायचं. मी म्हटलं, मला कुठे जमणार. तिने मान वर न करता तांदूळ निवडत सांगितलं, "तुजं काय अडतंय? वहीत लिवलेलं हाय ना सगळं. त्या बायचं नावपण हाय. वाचायचं नि करायचं."

काकीला वाचता येत नाही. म्हणून तिला वाटतं, एकदा लिहिलं की ते राहतं.

वहीत ते नाव नाही. तुला हे माहीत होतं. मीच ते काढलं, आणि त्यानंतरची पाच वर्षं आपण दोघं त्याबद्दल काहीच बोललो नाही. आता तू गेल्यावर मी बोलायला बसले आहे. हे मला स्वतःलाच विचित्र वाटतं.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, पण सलग सांगितलं तर कुठे काय चुकलं ते मलाच कदाचित दिसेल.

तू बोटीवर गेलास तेव्हा मी जन्मलेही नव्हते. बोटीवर स्वयंपाक करणाऱ्याला भंडारी म्हणतात, हे तेव्हा गव्हाणात कोणाला ठाऊक नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं, त्यात एवढंच होतं की खुशाल आहे आणि आता भंडारी झालो आहे. गावात बैठक बसायची पाळी आली. आगऱ्याचा पोरगा भंडारी कसा होईल, दर्यावर जातपण बदलते काय, असं म्हाताऱ्यांनी माझ्या वडिलांना विचारलं. ते तुझे थोरले भाऊ. पुढे तू सुटीवर आलास की लोक तुला मुद्दाम विचारायचे, आता कोण हाय रं तू? आणि तू शांतपणे सांगायचास, किनाऱ्यावर आगरी, पाण्यात भंडारी.

प्रत्येक फेरीहून तू माझ्यासाठी एक पुस्तक आणायचास. पुतणी वाचते एवढंच तुला कळलं होतं, त्यामुळे तू जाडी बघून पुस्तकं घ्यायचास. कोणती भाषा आहे याची तुला फिकीर नव्हती. एकदा तर कुठल्याशा बंदरातली टेलिफोन डिरेक्टरी आणलीस, कारण दुकानात तीच सगळ्यात जाड होती. मी ती अजून ठेवली आहे. हसण्यासाठी ठेवली होती. परवा उघडली तर नुसती नावंच नावं, पानं भरून, आणि मी ती बंद केली.

मग तू कायमचा परत आलास. गव्हाणचं मिठागर गेलं, तुम्ही सुकापूरला घर बांधलंत, मी पनवेलच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. रविवारी मी तुमच्याकडे यायची. तू मला मास्तरीणबाय म्हणायचास. मी 'नाय' म्हणायचं सोडून 'नाही' म्हणायला लागले तेव्हापासून ते नाव मला लागलं. वर्षातून दोनतीनदा, चांगल्या चिंबोऱ्या मिळाल्या की, तू काकीला चुलीपासून उठवायचास आणि ते कालवण करायचास.

आधी तेलात पीठ. मंद आचेवर, हात न थांबवता. पाऊण तास तू उभा राहायचास. किती भाजायचं विचारलं तर मिनिटं सांगायचा नाहीस, रंग सांगायचास. आधी शेंगदाण्याच्या सालाचा, मग नव्या कौलाचा, मग जुन्या कौलाचा. जुन्या कौलाच्या पुढे गेलं की फेकायचं. मग कांदा, ढोबळी मिरची, आणि अमेरिकेतल्या सेलरीऐवजी कोथिंबिरीचे देठ आणि पानओव्याचं एक पान. कोळंबीची डोकी आणि सालं उकळून काढलेलं पाणी. चिंबोऱ्यांच्या नांग्या फोडून. मूठभर सोडे. काकीचा मसाला अर्धा चमचा, तोही तिने तीनदा विचारल्यावर. "एवढा चालंल तिला," असं त्या बाईबद्दल म्हणून तू तो घालायचास.

आणि शेवटी परसातली भेंडी. यावरून तुझं आणि काकीचं दर वेळी वाजायचं. काकी म्हणायची, भेंडी आधी परतून घ्या, आमसूल टाका, नाहीतर तार सुटंल. तू म्हणायचास, तार सुटायलाच पाहिजे. आपण सगळे भेंडीचा चिकटपणा घालवायला धडपडतो, आणि तिकडे त्या चिकटपणावरच ते कालवण उभं असतं.

ती बाई तुला कशी भेटली, हे तू मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंस. तुमची बोट दुरुस्तीसाठी न्यू ऑर्लिन्सला तीन आठवडे अडकली होती. तू शेवटपर्यंत नवं आर्लीन म्हणायचास. इथे नवीन पनवेलच्या इमारती उठायला लागल्या तेव्हा तू मला विचारलंस, नवं पनवेल हाय तर जुनं पनवेलपण हाय, मग जुनं आर्लीन कुठं गेलं? मी नकाशा उघडून फ्रान्समधलं जुनं ऑर्लिन्स दाखवलं. तू ऐकून घेतलंस आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारलंस.

तिथे गोदीबाहेरच्या एका हॉटेलवाल्याने तुम्हा तिघा खलाशांना दारातूनच परत पाठवलं. त्याला तुमचा रंग चालला नाही. मागच्या गल्लीत एका काळ्या बाईची खानावळ होती, घरातच चालवलेली, चार बाकांची. तिने काही विचारलं नाही, बसा म्हणाली. भात आला, हे बघूनच तुझे डोळे भरले. भातावर दाट तपकिरी कालवण, त्यात कोळंबी, चिंबोरीची नांगी, आणि एक हिरवी चकती. तू त्या चकतीवर बोट ठेवून म्हणालास, भेंडी. ती म्हणाली, गंबो. तू पुन्हा भेंडी, ती पुन्हा गंबो. तुला वाटलं, ती कालवणाचं नाव सांगते आहे. नंतर कळलं की ती भेंडीचंच नाव सांगत होती. तिच्या पणजीच्या मुलखात, आफ्रिकेत, भेंडीला तसंच काहीतरी म्हणायचे, आणि भेंडीचं नाव सबंध कालवणाला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तू तिच्या मागच्या दारी कोळंबी सोलायला बसायला लागलास. तू कोण म्हणून तिने विचारलं, तू म्हणालास भंडारी, आणि तिने त्याचं बंडी केलं. इथे आल्यावर ते सांगायची चूक तू केलीस आणि वर्षभर माझे वडील तुला बंडी घालून दाखवायचे.

ते कालवण क्रिओल आहे, असं ती म्हणायची. मी त्या शब्दाचा अर्थ विचारला तेव्हा तू जरा विचार करून म्हणालास, "सगळ्यांचं मिसळलेलं. कोणाचं पीठ, कोणाची मिरची, कोणाचा भात. पण हात काळ्या बायांचा. त्यांचा हात नसता तर बाकीचं सामान नुसतं पडून ऱ्हायलं असतं."

तिच्या पणजीला गुलाम करून बोटीत कोंबून आणलं होतं. हे सांगताना तू दर वेळी थांबायचास. तू म्हणायचास, आमी पगारासाठी बोटीत चढतो, नि तरी घर आठवून रडतो. ती कशी आली असंल? त्या पणजीने येताना केसांत भेंडीचं बी लपवून आणलं, असं तिच्या घरात सांगत आले होते. यावर मी पहिल्यांदा तुला अडवलं. मी म्हटलं, काका, साखळदंडात आणलेल्या बायकांना केसांत बी ठेवू कोण देणार, याला पुरावा काय? तू म्हणालास, "तुला पुरावा पायजे. मना भेंडी पुरते."

तो वाद आपला कधी संपलाच नाही. मला वाटायचं, मी खरं काय त्याच्या बाजूने आहे. आता वाटतं, मी नुसती पुस्तकांच्या बाजूने होते. आणि त्यातही मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. गेल्या दिवाळीत वाचनालयातल्या एका जाड ग्रंथात मला सापडलं की भेंडी मूळची आफ्रिकेकडचीच असावी. म्हणजे त्या बाईच्या कढईतली भेंडी आणि काकीच्या परसातली भेंडी एकाच मुलखातून निघाल्या, एक तिकडे गेली, एक इकडे आली. तुला हे सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? चांगल्या रविवारी सांगू म्हणून मी ते ठेवून दिलं. दवाखान्यात तू मला विचारलंस, परसात भेंडी लागली काय. मी म्हटलं, लागली. एवढंच म्हटलं. का, ते मला कळत नाही.

पहिल्या डावाची रीतही तिचीच. कालवण उतरलं की ती एक डाव टवका उडालेल्या कपात काढून खिडकीत ठेवायची आणि आपल्या आजीचं नाव घ्यायची, कारण ते तिला आजीने शिकवलं होतं. आजी स्वतःच्या आईचं नाव घ्यायची. ज्याने शिकवलं त्याला आधी. तू इथे तसंच करायचास. वाटीत एक डाव काढून पडवीच्या कठड्यावर ठेवायचास आणि तिचं नाव घ्यायचास, हळू, तोंडातल्या तोंडात, इंग्रजी उच्चारात, आणि मला ते शब्दासारखं नाही, खाकरल्यासारखं ऐकू यायचं. एकदा तू म्हणालास, मी तिचं घेतो, पुढं तू माजं घे. मी म्हटलं, काका, असं बोलू नको. त्या दिवशी निदान तिचं नाव तरी मनात ठेवायला हवं होतं.

आता वहीचं. ती वही नव्हतीच, वाचनालयाचा दिवाळीचा हस्तलिखित अंक होता, पण काकीला कागद शिवलेलं सगळंच वही. तळ्याकाठच्या त्या वाचनालयात मी सभासद झाले होते आणि अक्षर बरं म्हणून पक्की प्रत लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक पान पाककृतीचं होतं. मी तुला विचारलं आणि तू पडवीत पाटावर बसून मला सगळं सांगितलंस, कधी नव्हे ते क्रमाने. पहिलंच वाक्य तू सांगितलंस, लिव, हे कालवण मना नव्या आर्लीनच्या मिस अमुकनं शिकवलं. त्या अमुकच्या जागी तिचं नाव होतं. मी तुला दोनदा उच्चारायला लावलं आणि नीट लिहून घेतलं. लिहून घेतलं म्हणूनच बहुधा लक्षात ठेवलं नाही.

पक्की प्रत वाळत ठेवली होती. वाचनालयातल्या एक बाई, माझ्याच वयाच्या, पान वाचून हसल्या. म्हणाल्या, "तुमचे काका बरेच रंगेल दिसतात." बस, एवढंच. त्या वाईट नव्हत्या, नंतर विसरूनही गेल्या असतील. मी घरी जाऊन मैद्याची खळ शिजवली, पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी कापली, आणि त्या नावावर चिकटवली. पट्टीवर लिहिलं, 'एका अमेरिकन कुटुंबाकडून'.

काकीसाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. चार लोकांनी तिच्या नवऱ्याला हसू नये म्हणून. पण काकी वाचत नव्हती आणि ते वाचणारे काकीला ओळखत नव्हते. मग कोणासाठी केलं? त्या वाचनालयात मिठागरातून आलेली मी एकटी होते. माझं पान स्वच्छ दिसावं असं मला वाटत होतं. हे आज लिहिते आहे, तेव्हा हे मला ठाऊक होतं की नव्हतं, ते सांगता येत नाही.

हस्तलिखित तुला दाखवायला आणलं त्या रविवारी तू हात धुऊन, पुसून, मग ते मांडीवर घेतलंस. तू चौथीपर्यंतच शिकलेला, बोट ठेवून वाचायचास. पहिल्याच ओळीवर तुझं बोट थांबलं. तू त्याच जागेवरून ते पुन्हा फिरवलंस. "इथं उंच लागतंय," तू म्हणालास. "काय चिकटवलंस?"

मी म्हटलं, "चूक झाली होती, म्हणून."

"चूक," तू म्हणालास, आणि पुढचं न वाचता ते मिटलंस. मग म्हणालास, अक्षर छान हाय.

त्यानंतर तू ते कालवण केलं नाहीस. चिंबोऱ्या आल्या, भेंडी लागली, तू काकीला चुलीपासून उठवलं नाहीस. मी दोनदा विचारलं. एकदा तू नुसता हसलास. दुसऱ्यांदा म्हणालास, "नावाबिगर नाय होत ते. पातळ होतं." मला वाटलं, रागावला आहे, उतरेल राग. मी आपण होऊन माफी मागायला हवी होती, पण मागायची कशी, पट्टी लावली म्हणून? आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती. आपल्यात जेवायला वाढायची पद्धत होती, आणि तू वाढतच होतास, बाकी सगळं, दर रविवारी.

काल मी वाचनालयात गेले. कपाटाच्या खालच्या खणातून हस्तलिखित काढलं. पट्टी ओलवून अलगद सोडवायची, खाली शाई असेलच, असा माझा हिशेब होता. पट्टी ओलवावी लागलीच नाही. हात लावताच ती सुटली आणि तिच्याखाली भोक होतं. कसर लागली होती. बाकीचं पान धड आहे, भेंडीपासून भातापर्यंत माझं सगळं अक्षर शाबूत आहे. किडीने फक्त खळ लावलेली जागा खाल्ली. भोकाच्या कडेला एक 'ल' उरला आहे. तोही 'ल' आहे की 'स'चा शेपटा, मला खात्री नाही.

परवा काकी म्हणेल, नाव घे. आणि मला तिला सांगावं लागेल, एकतर खोटं किंवा हे सगळं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. यापुढचं मी कालवण झाल्यानंतर चार दिवसांनी लिहिते आहे.

अवस जवळ होती, चिंबोऱ्या भरलेल्या मिळाल्या. पीठ जमलं, काका. पाऊण तास मी हात थांबवला नाही. जुन्या कौलाचा रंग आला तेव्हा सून बघायला आली आणि करपलं म्हणाली, मी म्हटलं नाही, हाच. सालांचं पाणी, नांग्या, सोडे, सगळं तुझ्या क्रमाने घातलं. आणि मग, एवढं करून, एकीकडे कढई ठेवून मी भेंडी परतते आहे, हे माझ्या लक्षात आलं. आमसूल टाकून. आईने शिकवलं तसं, हाताने आपोआप केलं होतं. मनात त्या नावाचा शोध चालला होता, अ पासून एकेक अक्षर घेऊन, आणि हात आपले भेंडीची तार घालवत होते.

काकी वासाने आली. कढईत बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आमसूल घातलंस?"

मी मान हलवली.

"तार गेली."

मग मी तिथेच सांगितलं, भेंडीच्या कढईसमोर उभी राहून. पट्टी, त्या बाईंचं हसणं, खळ, कसर, भोक. मला वाटतं, मी फार भरभर सांगितलं, आणि मध्येच कधीतरी 'नाय' म्हणायला लागले. काकीने सगळं ऐकलं. तिला धक्का बसला नाही, हे बघून मलाच धक्का बसला. ती म्हणाली, तुझ्या काकाने त्याच दिवशी सांगितलं होतं, पोरीनं तुज्यासाठी पट्टी लावली म्हणून. पाच वर्षं तिला ठाऊक होतं. तू तिला सांगितलं होतंस, आणि कारण काय, तर मी स्वतःला जे सांगितलं तेच तूही तिला सांगितलंस, माझी बाजू घेऊन.

मी म्हटलं, "मग काकी, मला नाव घ्यायला का सांगितलंस?"

"मना वाटलं, खाली नाव असंलच, नि तुला आठवतपण असंल. पट्टी कागदाला लावली होतीस ना?" ती म्हणाली. "डोक्याला कशी लागली?"

सून हसली. मीही हसले असेन. मग मी ते विचारलं, जे इतकी वर्षं तुला विचारायचं होतं आणि ज्याच्या भीतीनेच ती पट्टी लावली होती. ती कोण होती त्याची? काकीने भेंडी मोठ्या पातेल्यात ओतली, आमसुलं वेचून बाहेर काढली, एकेक. म्हणाली, "त्याची कोण ते मना नाय माहीत. मी विचारलं नाय. तीन आठवडं जेवाला घातलं तिनं त्याला, मी तवा मिठागरात होते नि घरात धड तांदूळ नव्हता. त्याची कोण ते ऱ्हाऊ दे. माजी कोण लागंल ती, सांग."

 नाती शिकवते मी पाचवीला, चुलत, मावस, आते. यात ती कुठे बसते?

कालवण उतरलं. पातळ झालं होतं, तू म्हणाला होतास तसं. काकीने वाटी घेतली, डाव भरला, आणि पडवीत गेली. मला वाटलं, ती माझ्या हातात देईल. तिने दिली नाही. वाटी कठड्यावर ठेवली आणि म्हणाली, "एस्टेलबाय."

एवढं सोपं होतं ते. एस्टेल. तुझ्या तोंडचं मिस गेलं होतं आणि आपलं बाय लागलं होतं, पण मी ऐकल्याबरोबर ओळखलं, म्हणजे निदान मला तसं वाटलं. शेवटी 'ल' होताच.

आम्ही आत वळणार, तर काकी वळली नाही. ती वाटीकडे बघत उभी होती. तुमच्या लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच तिने तुझं नाव घेतलेलं. त्यानंतर जन्मभर तू तिच्यासाठी 'आमचे' होतास, 'पोराचा बापूस' होतास, माझ्याशी बोलताना 'तुजा काका' होतास. रेशनकार्डासाठी नवऱ्याचं नाव विचारलं तरी ती सुनेकडे बोट करायची. ती वाटीकडे बघत म्हणाली, "दामोदर." उखाणा नाही, काही नाही. हाक मारावी तसं. सुनेच्या हातातलं ताट तिथेच राहिलं.

मग काकी आत आली आणि मला म्हणाली, वाढ आता, निवतंय.

सगळे जेवले. काकीने भात दोनदा घेतला. मला चव कळली नाही, किंवा कळली आणि ती तुझ्या कालवणाची होती की माझ्या, ते ठरवता आलं नाही.

काल वाचनालयातून हस्तलिखित घरी आणलं. भोक तसं ठेवून चालणार नाही, पान फाटत जाईल. मैद्याची खळ शिजवली, आणि शिजवताना हात थांबवला नाही, गाठी होतात. त्यात कडुलिंबाचा पाला उकळलेलं पाणी घातलं, कसर येऊ नये म्हणून. त्या जागेवर नवी पट्टी लावली आणि वाळल्यावर तिच्यावर नाव लिहिलं. ए काढताना थांबले. तुझ्या उच्चारात ए होता की इ, मी तेव्हा कसं लिहिलं होतं, आता कोणालाच ठाऊक नाही. काकीच्या तोंडून आलं तसं लिहिलं.

पट्टी मापापेक्षा मोठी कापली गेली होती. तिच्या नावापुढे जागा उरली. तिथे तुझं लिहिलं. हे तुला चाललं असतं की नाही, ते मला अजून कळत नाही.